आईच्या पदाची शेवटची ओळ

मी जन्मभर म्हैसूरच्या एका शाळेत कन्नड शिकवलं. घरी मराठी, वर्गात कन्नड आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत इंग्रजी, असा आमचा कारभार. तिन्ही भाषांत मला भांडता येतं, आणि मी भांडलेही आहे. त्यातली बरीचशी भांडणं कवितेवरून झाली.

मी नोकरीला लागले तेव्हा पाठ्यपुस्तकात कविता धड्यांच्या मधेमधे असत. दोन धडे झाले की एक कविता, पानात कोशिंबीर वाढावी तशी. पुढे कुणा शहाण्याने सगळ्या कविता गोळा करून पुस्तकाच्या मागे नेऊन ठेवल्या. मागच्या खोलीत नेऊन बसवलं की काय होतं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं. डिसेंबरपर्यंत धडे चालत, जानेवारीत उजळणी सुरू होई आणि मधल्या फटीत जो काय आठवडा सापडे तो कवितेचा. मुख्याध्यापक म्हणत, "मॅडम, पोएम्सना फार टाइम देऊ नका. सारांश लिहून द्या, मुलं पाठ करतील, साकु." साकु म्हणजे पुरे. आमच्या गावात निम्मी कामं या शब्दावर संपतात.

परीक्षेत प्रश्नही ठरलेला. या ओळींतून कवीला काय सांगायचं आहे? मला त्या प्रश्नाची चीड होती, अजूनही आहे. कवीला जे सांगायचं होतं ते तो सांगून मोकळा झाला, आता तुम्ही कशाला मधे पडता? पण मुलं उत्तर लिहीत, मी गुण देई, आणि सगळ्यांचं ठीक चाललेलं असे. एकदा बाजारात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मिस, तुम्ही शिकवलेल्या त्या नदीवरच्या कवितेचा सारांश मला अजून तोंडपाठ आहे." मी म्हटलं, आणि कविता? तो जरा विचारात पडला. "कविता नाही आठवत मिस. सारांश आहे." गुणी मुलगा होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, दुसरं काय करणार?

कवितेला आता कुणी विचारत नाही असं म्हटलं की लोक लगेच टीव्हीला आणि मोबाइलला शिव्या घालतात. मला ते पटत नाही. टीव्ही यायच्या आधीच आमच्या शाळेत कविता मेलेली होती. माझ्या मते खरी गोष्ट साधी आहे. कवितेचं कुणाला काही कामच राहिलं नाही. ती वाचायची, तिचा अर्थ सांगायचा आणि पान उलटायचं. तिच्यावाचून कुणाचं काही अडत नाही. ज्याच्यावाचून अडत नाही ते घरात किती दिवस टिकतं? अडगळीच्या माळ्यावर जातं.

माझ्या माहेरी मात्र कवितेवाचून अडायचं. अगदी दर वर्षी अडायचं.

आमचा समाज शिंप्यांचा. पूर्वज कधीतरी कापडाची गाठोडी घेऊन इकडे उतरले आणि इकडचेच झाले. मराठी आमच्या घराघरात आहे, पण तिच्यात इतकं कन्नड मिसळलंय की पुण्याहून कुणी आलं तर आमच्याकडे दया आल्यासारखं बघतं. बघू दे बापडं. विठ्ठलाचं एक लहानसं देऊळ समाजाने पूर्वीच बांधून ठेवलेलं आहे. दसऱ्याची गर्दी ओसरली की कार्तिकात तिथे सप्ताह बसतो. रोज दुपारी भजन, आणि रोज एका घराची सेवा. ज्या घराची सेवा असेल त्याने प्रसाद करायचा, समया लावायच्या आणि जुन्या संतांची भजनं झाली की शेवटी एक घरचं पद म्हणायचं. घरचं म्हणजे त्याच घरात केलेलं. दुसऱ्याचं चालत नसे. चांगलं असलंच पाहिजे असा नियम नव्हता, आपलं असलं पाहिजे एवढाच होता.

बहुतेक घरांची पदं पुरुषांनी केलेली होती. आमच्या घरचं आईने केलेलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा सासरी पद करणारं कुणी उरलं नव्हतं आणि सेवेचा दिवस जवळ आला होता, म्हणून तिने केलं. इतकं साधं. तिला लिहिता येत नव्हतं. अप्पा पुढच्या खोलीत पायमशीनवर शाळेच्या गणवेशाच्या चड्ड्या शिवायचे आणि आई मागच्या खोलीत त्यांना काजं करायची, बटणं लावायची. मशीनच्या पायाच्या ठेक्यावर ती तोंडातल्या तोंडात गुणगुणायची. ते गुणगुणणं म्हणजे आईचं पद, हे मला माहीत होतं. पण कुकरची शिट्टी आपण जशी ऐकतो तसं मी ते ऐकलं. कानावर पडत होतं, मी ऐकत नव्हते.

आणि अप्पा. आमचे अप्पा म्हणजे कात्री. बोलले तर एका फटक्यात दोन तुकडे. आई गुणगुणायला लागली की म्हणायचे, "झालं, सुरू झाली हिची कटकट." मी कन्नड साहित्य घेऊन एम.ए. करते म्हटल्यावर म्हणाले, "कविता वाचून नोकरी देतात होय?" भावाला शाळेतली एक कविता पाठ होईना, तर त्याला म्हणाले, "सोड ती. गणित कर." शाळेचे मुख्याध्यापक आणि आमचे अप्पा यांचं या एका बाबतीत फार जमलं असतं. आईशी ते गोड बोललेले मी कधी ऐकले नाहीत. भांडणही नसायचं. कामापुरतं बोलणं, बस्स.

सेवेच्या दिवशी आम्ही भावंडं देवळात जायचो ते सज्जिगेसाठी. सज्जिगे म्हणजे आपला शिरा, पण आमच्या देवळातला असा तुपाने निथळणारा की अजून तोंडाला पाणी सुटतं. आई बायकांच्या बाजूला बसून पद सुरू करायची आणि आम्ही पोरं त्या क्षणी उठून प्रसादाच्या रांगेत. उशीर केला तर काजू संपायचे. पुढे मी नोकरीला लागले, भजन दुपारचं, मी शाळेत. अप्पा देवळात गेले की दुकान भावाकडे. धाकटी बहीण लग्न करून बंगळूरला. म्हणजे आईचं पद आम्ही तिघांनीही पूर्ण असं कधी ऐकलंच नाही.

आई गेली तेव्हा मी निवृत्तीला आले होते. जाताना तिने काही सांगितलं नाही. सकाळी अंगण झाडलं, दुपारी पडली आणि संध्याकाळी नव्हती. तिच्यामागे चार साड्या, कानातल्या कुड्या आणि सुयांनी भरलेली एक उशी राहिली. ते सगळं आम्ही वाटून घेतलं. पदाचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

त्या कार्तिकात आमच्या घरची सेवा आली तेव्हा भावाने वरुणा गावाकडच्या एका खेड्यातलं भजनी मंडळ आणलं. चांगली माणसं होती, कन्नड भजनं दणक्यात म्हणायची. घरच्या पदाची वेळ आली की भाऊ हात जोडून म्हणायचा, "आमचं राहू दे." आणि आरती व्हायची. हेच दर वर्षी चाललं. नुसतं आमचंच नाही, एकेका घराचं पद असंच गेलं. नव्या पोरांना मराठी येते ती जेवायला वाढ म्हणण्यापुरती. माझी भाची, म्हणजे भावाची मुलगी, बारावीला. तिला विचारलं, तुझ्या भाषेच्या पुस्तकात कविता कुठल्या गं? ती म्हणाली, "आत्ते, पोएट्री ऑप्शनला सोडली. लँग्वेज पास झालं की साकु." बघा, मुख्याध्यापक गेले तरी शब्द राहिला.

अप्पा मात्र सेवेच्या दिवशी देवळात जायचे. वय झालं, कान जड झाले, तरी जायचे. खांबाला टेकून बसायचे आणि आरती झाली की उठून घरी. भाऊ म्हणायचा, "सवय आहे, दुसरं काय." मलाही तसंच वाटायचं.

मग दोन वर्षांमागे समाजाची बैठक झाली. आमचे चिटणीस बँकेतून निवृत्त झालेले, नीटनेटके, कागद हातात धरल्याशिवाय बोलत नाहीत. त्यांनी मांडलं की घरचं पद आता फारशा घरांत उरलेलं नाही, तेव्हा हा नियम काढून टाकावा. सात दिवसांचा सप्ताह दोन दिवसांवर आणावा आणि देवळात रेकॉर्ड लावावी. "वेळही वाचेल आणि सूरही चांगला राहील," ते म्हणाले. लोकांनी माना हलवल्या. मला कुठून बळ आलं कोण जाणे, मी उभी राहिले.

"आमच्या घरी पद आहे," मी म्हटलं.

"आहे?" चिटणीस कागदातून वर बघत म्हणाले. "मग इतकी वर्षं म्हणत का नाही, टीचर?"

"या वर्षी म्हणणार आहोत."

"म्हणा की. एका घराने जरी म्हटलं तरी नियम ठेवू. नाही म्हटलं तर मात्र हे कायमचं बंद."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसले. बाजूला बसलेला भाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अक्का, तुला येतं ते?" मी म्हटलं, तुला येत असेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "मला वाटलं होतं तुला येतं."

इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. सप्ताहाचं, समाजाचं काय व्हायचं ते होवो. पण या वर्षी आम्ही म्हटलं नाही तर आईचं पद संपलं. तिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या कपड्यांना काजं केली. ते कपडे विरून गेले. तिची म्हणून एकच गोष्ट जगात होती आणि ती आम्ही तिघं शिकलेल्या पोरांनी हरवली होती. मी तर हजारो मुलांकडून कविता पाठ करून घेतलेली बाई. माझ्या आईच्या कवितेची एक ओळ मला येत नव्हती.

मी भावाच्या घरी जाऊन बसले. अप्पा आरामखुर्चीत पेपर वाचत होते. भाऊ आठवायला लागला. डोळे मिटून, हाताने मशीनच्या चाकाला गती द्यावी तसं करत. त्याला चाल आधी आठवली आणि चालीमागून एक ओळ आली.

माप कसं घेऊ देवा, हात तुझे कमरेला

मला हसूच आलं. शिंप्याच्या बायकोला विठ्ठलाकडे बघून दुसरं काय सुचणार? हात कमरेवर ठेवून उभा राहिलेल्या गिऱ्हाइकाचं माप घेता येत नाही, हे आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. "हात खाली सोडा" हे अप्पांचं दिवसातलं पहिलं वाक्य असायचं. आणि आई ते थेट देवाला सांगत होती.

बंगळूरला बहिणीला फोन केला. ती मीटिंगमध्ये होती, चिडली. "सुम्ने, उगीच कशाला जुनं उकरता तुम्ही? मला नाही आठवत." संध्याकाळी तिचाच फोन आला. भांडी लावताना एक ओळ आपोआप तोंडात आली म्हणाली, आणि रडायलाच लागली.

बाही अडली कोपरी, गळा अडला माळेला

पुढचं तिला येत नव्हतं. आता उरली मावशी, आईची धाकटी बहीण. ती पिरियापट्टणला असते. मी बसने गेले. तंबाखू भाजायचे दिवस, गावात शिरल्याबरोबर तो उग्र वास नाकात बसतो. मावशीला सगळं आठवतं, फक्त आज कुठला वार ते आठवत नाही. मी दोन ओळी म्हणून दाखवल्या आणि तिने, जणू मी मीठ मागितलं आणि तिने डबा पुढे केला, इतक्या सहज तिसरी दिली.

आभाळाएवढं अंग, दोरा माझाच संपला

"आणि पुढे, मावशी?"

"पुढे गोत्तिल्ला, ठाऊक नाही बाई. तुझी आई माहेरी आली की इथवरच म्हणायची आणि थांबायची. मी म्हणायचे, अगं पुरं कर की. तर हसायची."

परतीच्या बसमध्ये मी त्या तीन ओळी मनात म्हणत आले. काय सांगू, मला आनंद झाला तसा रागही आला. इतकी चांगली गोष्ट आमच्या मागच्या खोलीत चालली होती आणि मी पुस्तकातल्या कवितांचे सारांश लिहून देत होते. तिसऱ्या ओळीचा अर्थ तर मला बसमध्येच उलगडला. देव एवढा मोठा, माणसाची शक्ती एवढीशी, दोराच पुरत नाही. भक्ताची असमर्थता. माणसाची मर्यादा. मी मनातल्या मनात उत्तर लिहिलं आणि स्वतःला चारपैकी चार गुणही दिले.

चौथी ओळ राहिली. आमच्या पदांची रीत अशी की शेवटच्या ओळीत घराचं नाव येतं, म्हणजे घरच्या कर्त्या पुरुषाचं. त्यामुळे त्या ओळीत अप्पांचं नाव असणार एवढं कळत होतं. बाकी ओळ कुठून आणायची? देवळातल्या जुन्या बायका गेल्या होत्या, एक-दोन राहिल्या होत्या त्या अंथरुणाला खिळलेल्या. मृदंग वाजवणारे काका गेले होते. शेवटी मी ठरवलं की आपणच करू. एवढी एम.ए. झालेली बाई मी, एक ओळ नाही जमणार?

नाही जमली. अप्पांचं नाव घातलं की ठेका मोडायचा. ठेका धरला की अर्थ पळायचा. भाऊ दुकानातून येऊन म्हणायचा, "झाली का गं?" आणि मी त्याच्या अंगावर जायचे. अखेर काहीतरी जुळवलं. अप्पांचं नाव, त्यांची दासी म्हणते, देवा तूच माझा आधार, असं काहीसं. ओळ वाईट होती. मी विद्यार्थ्याच्या पेपरात वाचली असती तर तांबड्या पेनाने रेघ मारली असती. पण वेळ नव्हता. भाऊ म्हणाला, "बिडु अक्का, सोड, एवढं कोण ऐकतंय?" ते मात्र खरं होतं.

सराव भावाच्याच घरी झाला. बहीण आदल्या दिवशी बंगळूरहून आली. भाचीला मी बळेच बसवली, ती मोबाइलमध्ये कन्नड अक्षरांत ओळी लिहून घेऊन वाचत होती. अप्पा समोरच होते. आम्ही तिसऱ्या ओळीपर्यंत आलो की मी थांबवायचे, चाल पुन्हा नीट बसवायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे. माझी ओळ घरात मोठ्याने म्हणायची मला लाज वाटत होती. ती देवळातच एकदा म्हणून टाकू, असं मी ठरवलं होतं. अप्पा पेपराची पानं उलटत होते. ऐकू येत होतं की नाही तेही कळलं नाही.

सेवेच्या दिवशी देवळात नेहमीपेक्षा माणसं जास्त होती. टीचरच्या घरी पद आहे ही बातमी पसरली असणार. चिटणीस पुढे बसले होते, मनगटावरचं घड्याळ दिसेल असा हात ठेवून. भजनं झाली. भाऊ सवयीने हात जोडायला निघाला, मी त्याचा सदरा मागून ओढला. आणि आम्ही सुरू केलं.

पहिल्या ओळीला लोक हसले. चांगलं हसले, ओळखीचं. कुणीतरी मोठ्याने "हात खाली सोडा" म्हणालंसुद्धा. दुसऱ्या ओळीला टाळ लागले. तिसरी ओळ आम्ही दोनदा घेतली, कारण पुढची म्हणायचा मला धीर होत नव्हता. दोरा माझाच संपला. दोरा माझाच संपला. मी श्वास घेतला, माझी ती जुळवलेली ओळ तोंडात आणली.

आणि पुरुषांच्या बाजूने, खांबापासून, एक आवाज आला. म्हातारा, फाटका, पण सुरात. भावाला वाटलं मंडळातलं कुणी म्हणतंय. मी आवाज ओळखला आणि तरी माझा विश्वास बसेना. अप्पा बसल्या जागी डोळे मिटून म्हणत होते. सुरुवातीला त्यांनी स्वतःचं नाव घेतलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. आईनेही ते जन्मभर घेतलं नव्हतं. नावापुढे ओळ अशी होती.

म्हणे थांब देवा, दोरा देतो मीच हिला

टाळ थांबले. मग अप्पांनी ओळ पुन्हा म्हटली, आणि या वेळी सगळ्या देवळाने ती उचलली. चिटणीससुद्धा म्हणत होते. मी म्हणत नव्हते. मी बसमध्ये लिहिलेलं ते उत्तर, भक्ताची असमर्थता आणि माणसाची मर्यादा, सगळं चुकलं होतं. बाई देवाला सांगते की माझा दोरा संपला, आणि तिचा नवरा देवाला म्हणतो, जरा थांब, हिला दोरा मी देतो. एवढंच पद होतं. आईने ते असं केलं होतं की तिच्या एकटीच्या तोंडून ते कधीच पुरं होऊ नये.

शेजारी बसलेली भावजयीची आई, सेवेसाठी परगावाहून आलेली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "पूर्वी असंच असायचं गं. बाईने पद केलं की नवऱ्याच्या नावाची ओळ नवऱ्याने म्हणायची. बाई कशी घेणार नाव? ती तिथे थांबायची." हे मला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक असण्यासाठी मी प्रसादाच्या रांगेतून एकदा तरी मागे वळून बघायला हवं होतं. आणि ज्या माणसाने लग्नानंतर बायकोशी एक गोड शब्द बोललेला आम्ही ऐकला नाही, तो माणूस दर वर्षी चारचौघांत, समाजासमोर, देवाला साक्ष ठेवून तिला हे म्हणत होता. तिने त्याला म्हणायला लावलं होतं. काय हुशार बाई.

नियम राहिला. चिटणिसांनी तसं तिथेच जाहीर केलं आणि माझ्या हातात प्रसादाचा द्रोण देत म्हणाले, "टीचर, पद छान आहे. लिहून द्या, अर्थासकट छापू." मी म्हटलं पद देते, अर्थ देणार नाही.

परत येताना आम्ही तिघं रिक्षात, भाऊ, मी आणि मधे अप्पा. चामराजपुरमच्या रेल्वे फाटकाशी रिक्षा थांबली. गाडी जायची होती. मला राहवेना. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "अप्पा, तुम्हाला ओळ येत होती. मी महिनाभर सगळ्यांना विचारत फिरले, पिरियापट्टणला गेले. तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला कुठे विचारलंस?" अप्पा म्हणाले.

खरंच नव्हतं विचारलं. भावाने मान दुसरीकडे वळवली.

"बरं, नाही विचारलं," मी म्हटलं. "पण आई गेल्यापासून इतक्या सेवा झाल्या. एकदा तरी म्हणायची होती ना."

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी वर्गातली सगळ्यात मठ्ठ पोरगी आहे.

"ती ओळ शेवटी येते," ते म्हणाले. "दर वर्षी जाऊन बसत होतो. आधीच्या तीन कुणी म्हटल्या तर मी म्हणणार ना?"